सर्कल कोर्टात, कार्यकर्ता पारावर

प्रति,
सर्व पक्षांचे जिल्हाध्यक्ष व जिल्हाप्रमुख,
वाशीम जिल्हा

रामराम, जय भीम, जय सेवालाल, जय महाराष्ट्र, सलाम. ज्यांना जो चालतो त्यांनी तो घ्यावा. पूर्वी असे पत्र चार-पाच ठिकाणी पोचवले की भागायचे. आता एकेका पक्षाचे दोन-दोन जिल्हाध्यक्ष झाल्यापासून प्रती काढायलाच पैसे लागतात, म्हणून हे उघडेच लिहितो आहे.

मी मंगरूळपीर तालुक्यातला शेतकरी. तीस-बत्तीस वर्षे एकाच पक्षाचे काम केले. पोलिंग एजंट म्हणून बसलो, स्लिपा वाटल्या, सभेच्या आधी सतरंज्या टाकल्या आणि सभेनंतर उचलल्या. पक्ष कोणता ते सांगत नाही. सांगितले तर बाकीचे जिल्हाध्यक्ष पत्र अर्ध्यात ठेवतील, आणि माझे जिल्हाध्यक्ष पूर्ण वाचून मला फोन करतील.

परवा आभाळ आले, म्हणून तुरीच्या गंजीवर झाकायला पोराने गोठ्यातून दोन फ्लेक्स काढून आणले. दोन्ही एकाच घरचे. पहिल्यावर नवऱ्याचा हात जोडलेला फोटो, खाली ‘भावी जि. प. सदस्य’. दुसऱ्यावर बायकोचा फोटो, नवरा वर कोपऱ्यात गोल चौकटीत, खाली तेच ‘भावी जि. प. सदस्य’. पहिला गणपतीतला, दुसरा दिवाळीतला. मधे 13 ऑक्टोबर 2025 ला आरक्षणाची सोडत झाली होती. आता 2026 चा जानेवारी संपत आला, तूर काढून झाली, हरभरा घाट्यावर आला, आणि दोघेही अजून भावीच आहेत. फ्लेक्सचा कपडा मात्र चांगला आहे, पाणी आत जात नाही.

हे पत्र त्या दोघांची चेष्टा करायला लिहीत नाही. ते दोघे आणि त्यांच्यासारखे बावन्न सर्कलांतले शेकडो लोक वर्षानुवर्षे असे ‘भावी’ का राहतात, आणि ते तसे राहिले की तुमच्या पक्षाचे गावातले काम का मरते, ते तुमच्यासमोर मांडायचे आहे.

कागदावर त्याला निवडणूक विभाग म्हणतात, पेपरवाले गट म्हणतात, आपण सर्कल म्हणतो. सहा तालुक्यांत मिळून जिल्हा परिषदेची 52 सर्कले आणि पंचायत समित्यांचे 104 गण. 2011 च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या 11 लाख 97 हजार. त्यातली शहरे वगळली की एका सर्कलाच्या वाट्याला अठरा-एकोणीस हजार माणसे येतात. कुठे ती पंधरा-वीस गावांत पसरलेली, कुठे एखाद्या मोठ्या गावात निम्मी. अठरा हजार माणसांत एक कार्यकर्ता सगळ्यांना नावाने नाही तरी घराने ओळखू शकतो. आमदारकीच्या मतदारसंघात ते शक्य नाही. म्हणून पक्षाची खरी बांधणी झाली तर सर्कलातच होते, आणि मोडली तरी इथेच मोडते.

ती आपल्याकडे कशी मोडली, त्याची तारीखवार हकिकत सांगतो. तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे. पण बैठकीत तुम्ही ‘कोर्टाचे मॅटर आहे’ एवढेच म्हणता आणि चहा येतो.

आपल्या जिल्हा परिषदेची आधीची मुदत डिसेंबर 2018 मध्ये संपली. संविधानाच्या 243-ई कलमात साफ लिहिले आहे की पाच वर्षांची मुदत संपायच्या आत नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. आपल्याकडे मतदान झाले 7 जानेवारी 2020 ला. मधल्या काळात वाद होता आरक्षणाचा. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती यांच्या जागा लोकसंख्येप्रमाणे आणि त्यावर ओबीसींचे सरसकट 27 टक्के अशी बेरीज केली, की वाशीम, अकोला, नागपूर, भंडारा, गोंदिया अशा जिल्ह्यांत आकडा 50 टक्क्यांच्या वर जात होता. त्याविरुद्ध याचिका झाल्या. त्यातली जी सर्वोच्च न्यायालयात निकालाला नाव देऊन गेली ती आपल्या जिल्ह्यातली, विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र शासन.

निकाल 4 मार्च 2021 चा. न्यायमूर्ती खानविलकर, इंदू मल्होत्रा आणि अजय रस्तोगी यांचे पीठ. जिल्हा परिषद कायद्याच्या कलम 12 मधले ओबीसींचे 27 टक्के न्यायालयाने रद्द केले नाहीत. ते ‘27 पर्यंत’ असे वाचायचे, आणि तेही तीन अटी पाळून, असे सांगितले. वेगळा आयोग नेमून त्या त्या संस्थेतल्या मागासलेपणाचा अभ्यास करा, त्याच्या आधारे टक्केवारी ठरवा, आणि सगळे मिळून 50 च्या वर जाऊ नका. या अटी नव्याही नव्हत्या. कृष्णमूर्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्याच पाच न्यायमूर्तींनी 2010 मध्येच हा रस्ता आखून दिला होता. मधल्या अकरा वर्षांत राज्यात तुमच्यापैकी बहुतेकांची सरकारे येऊन गेली. आयोग कोणी नेमला नाही, आकडे कोणी गोळा केले नाहीत. ओबीसींच्या जागा कोणामुळे गेल्या यावर 2021 च्या पावसाळ्यात तुम्ही एकमेकांविरुद्ध जी आंदोलने केलीत, त्यांतल्या एकात मीही रस्त्यावर बसलो होतो. तेव्हा मला 2010 चे काही माहीत नव्हते. तुम्हाला असायला हवे होते.

मग काय झाले? सव्वा वर्षापूर्वी निवडून आलेल्यांपैकी ओबीसी जागांवरचे 14 जिल्हा परिषद सदस्य आणि 27 पंचायत समिती सदस्य एका आदेशाने घरी गेले. कोणाची चूक नाही, कोणावर आरोप नाही, अविश्वास नाही. काटा, पार्डी टकमोर, उकळीपेन, आसेगाव अशा सर्कलांत पुन्हा निवडणूक लागली. आधी जुलैत लागली, करोनाने पुढे गेली, आणि अखेर 5 ऑक्टोबर 2021 ला, ऐन सोयाबीन सोंगणीच्या तोंडावर मतदान झाले. त्या दिवसांत प्रचाराला माणूस मिळेना. जो मिळे तो म्हणे, ‘भाऊ, याच बाईले, याच बुवाले दीड-दोन वर्सापूर्वी मत देल्लं नं आमी. आता काऊन?’ या ‘काऊन’चे उत्तर आम्हा कार्यकर्त्यांजवळ नव्हते. निकालपत्र इंग्रजीत होते, जिल्हा कार्यालयातून मराठीत एक पान आले असते तरी पुरले असते. आले ते उमेदवाराचे फोटो.

त्यानंतरची राज्याची कथा लांब आहे, मी पळत सांगतो. मार्च 2022 मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतला. जिल्हा परिषदांची सदस्यसंख्या किमान 50 ते कमाल 75 होती, ती 55 ते 85 केली. सरकार बदलले, ती पुन्हा 50 ते 75 झाली. आपली मुदत तेव्हा चालू होती, म्हणून आपल्या बावन्नला हात लागायच्या आतच हा खेळ संपला. पण बाकी जिल्ह्यांत एकदा रचना झाली, मग तीच मोडून दुसरी झाली, आणि दोन्ही कोर्टात गेल्या. जुलै 2022 मध्ये ओबीसी आरक्षणासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल आला, न्यायालयाने तो पुढे जाऊ दिला. ऑगस्टमध्ये न्यायालयाचा ‘जैसे थे’ आदेश आला. त्या ‘जैसे थे’मध्ये जवळजवळ तीन वर्षे गेली. आपली पाच वर्षे जानेवारी 2025 मध्ये भरली आणि आपणही त्या रांगेत जाऊन उभे राहिलो. तेव्हापासून जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक आहेत, पंचायत समितीत गटविकास अधिकारी. घरकुलाच्या यादीत नाव का नाही हे विचारायला सदस्याच्या ओट्यावर जाता येत होते. आता अर्ज आवक-जावकला टाकतो आणि शिक्क्याची पोच घेऊन येतो.

6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, चार आठवड्यांत निवडणुकीची अधिसूचना काढा, चार महिन्यांत उरका, ओबीसी आरक्षण बांठिया अहवालाच्या आधी होते तसे ठेवा. मग सप्टेंबरात मुदत 31 जानेवारी 2026 पर्यंत वाढली. नोव्हेंबरात पुन्हा तेच 50 टक्के आडवे आले. डिसेंबरात नगरपरिषदांचे मतदान झाले. जानेवारी 2026 मध्ये निवडणूक आयोगाने जिल्हा परिषदा जाहीर केल्या त्या फक्त बारा. पुणे आहे, सातारा आहे, लातूर आहे, परभणी आहे. विदर्भातली एकही नाही. ज्या जिल्ह्यातल्या याचिकेवरून सगळ्या राज्याचा कायदा लिहिला गेला, तो जिल्हा पुन्हा पारावर बसून आहे.

कोर्टाला दोष देणे सोपे आहे आणि मी ते करणार नाही. अनुसूचित जाती-जमातींची संख्या जिथे मोठी आहे तिथे 50 च्या आत ओबीसींना किती जागा उरतात हा खरा प्रश्न आहे. आपल्या जिल्ह्यात तो पारावर मारामारी होईल इतका जिवंत आहे. माझी स्वतःची मते आहेत, ती इथे नकोत. पण एक हिशेब मांडून दाखवतो. बावन्नच्या सत्तावीस टक्के म्हणजे चौदा. पन्नासच्या आत राहायचे तर चौदातल्या काही जागा कमी होतील. म्हणजे वाद मोजक्या जागांचा आहे. बाकीच्या पंचेचाळीसहून जास्त सर्कलांत तुमच्या पक्षाचे काम कशासाठी थांबले आहे?

ते का थांबले याचे उत्तर मला सोडतीच्या दिवशी मिळाले. आपल्याकडे संघटना पक्षाची नसते, इच्छुकाची असते. सर्कलात जो लढायचे म्हणतो तो गाडी काढतो, तो व्हॉट्सॲपवर ग्रुप काढतो, तो दहीहंडीला आणि तेराव्याला पैसे देतो, पोरे त्याच्या मागे फिरतात. तुम्ही जिल्ह्यातून बघता आणि समजता की पक्ष वाढतो आहे. चिठ्ठी निघते, सर्कल त्याच्या प्रवर्गाचे निघत नाही. दुसऱ्या दिवशी ग्रुपचे नाव बदलते, तिसऱ्या दिवशी ग्रुप बंद. पोरे शेजारच्या सर्कलातल्या इच्छुकाकडे जातात, पक्ष कोणताही असो. महिला राखीव निघाले तर फ्लेक्सवर बायको येते, तिच्या जातवैधतेचा कागद शोधायला नवरा तिच्या माहेरी पळतो. आणि कोर्टाची तारीख पुढे गेली की सगळेच खर्चाला घाबरून गप्प. बूथप्रमुख, शक्तिकेंद्रप्रमुख, पन्नाप्रमुख, शाखाप्रमुख अशा ज्या याद्या तुम्ही मुंबईला पाठवता, त्यांतले निम्मे लोक इच्छुकाच्या मोटारसायकलवर मागे बसलेले असतात. मोटारसायकल वळली की तेही वळतात.

आरक्षणाच्या 2025 च्या नियमांनी यात आणखी भर घातली. ही निवडणूक पहिली समजून आरक्षणाचे चक्र नव्याने सुरू केले. म्हणजे ज्याने ‘गेल्या खेपेला आमच्याकडे महिला होती, यंदा खुले सुटेल’ असा हिशेब करून पाच वर्षे काम केले, त्याचा हिशेब कागदावरून पुसला. यावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दादही मागितली गेली, उपयोग झाला नाही. मला त्या माणसाबद्दल वाईट वाटते. पण पाच वर्षे तो ज्या गावांत फिरला ती गावे कुठे गेली नाहीत. तो मात्र फिरायचा थांबला, आणि तुम्ही त्याच्या जागी कोणाला पाठवले नाही.

आता सर्कलांच्या रेघांचे बोलू. 14 जुलै 2025 ला गट-गणांचे प्रारूप जाहीर झाले आणि 21 जुलैपर्यंत हरकती घ्यायच्या होत्या. आठ दिवस. तेव्हा शेतात डवरे चालू होते, तणनाशकाची फवारणी चालू होती. तहसीलच्या फळ्यावर कागद लागला. कोणते गाव कोणत्या गणात, गणाची लोकसंख्या किती, त्यात अनुसूचित जाती किती, जमाती किती, सगळे त्यात होते. त्यानंतर झालेल्या आमच्या पक्षाच्या तालुका बैठकीत मी विचारले, प्रारूप कोणी वाचले? चाळीस माणसांत तीन हात वर आले. त्यातला एक हात माझा, दुसरा एका इच्छुकाचा. तिसरा तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्सचे दुकान चालवणाऱ्या पोराचा. त्याने सगळ्या पक्षांना तो कागद विकला होता, म्हणून त्याला तो पाठ होता.

रचनेचा नियम काही गुप्त नाही. उत्तरेकडून सुरुवात करायची, ईशान्येकडे जायचे, मग पूर्वेकडून पश्चिमेकडे वळत, नागमोडी, दक्षिणेला संपवायचे. ग्रामपंचायत शक्यतो मधून तोडायची नाही. भूगोलाची सलगता पाहायची, नदी, नाला, रस्ता पाहायचा. हा नियम ज्याला कळतो त्याला आपले गाव कोणत्या दोन गणांपैकी एकात जाऊ शकते ते आधीच सांगता येते. हरकत घ्यायची तर आकडा आणि नकाशा लागतो. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढे लिहून चालत नाही. आमच्या तालुक्यातल्या ज्या दोन-तीन हरकती मी वाचल्या त्या इच्छुकांच्या वकिलांनी लिहिलेल्या होत्या. पक्षाच्या लेटरहेडवरची त्यांत एकही नव्हती.

आणि एकदा अंतिम झाली की रेघ मोडत नाही. संविधानाचे 243-ओ कलम पंचायतींच्या मतदारसंघांच्या रचनेच्या कायद्याला कोर्टात आव्हान देऊ देत नाही. लोकसभा-विधानसभेसाठी तसेच 329 आहे. अगदीच मनमानी झाली असेल तर न्यायालय पाहू शकते असे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले खरे, पण त्या दाराने आत जाणारा विरळा. म्हणजे पक्षाला जे काही करायचे ते प्रारूपाच्या त्या आठ दिवसांत. ते तुम्ही कीर्तनाला उशिरा येणाऱ्यासारखे प्रसादाच्या वेळी उगवून घालवलेत.

अमेरिकेतही 2025 मध्ये असाच गोंधळ झाला. तिथे मतदारसंघाच्या रेघा बऱ्याच राज्यांत आमदारच मारतात. 1812 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या गेरी नावाच्या गव्हर्नरच्या सहीने असा एक वाकडातिकडा मतदारसंघ झाला, की पेपरवाल्यांना तो सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्यासारखा दिसला, आणि तेव्हापासून या प्रकाराला त्याचेच नाव पडले. 2025 च्या तिथल्या उन्हाळ्यात टेक्सासमध्ये जनगणना नसताना रेघा बदलायला काढल्या, तर विरोधी आमदार सभागृहाची गणसंख्या मोडायला राज्य सोडून निघून गेले. रेघा बदलल्याच. मग नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाने थेट लोकांचे मतदान घेऊन आपल्या रेघा उलट्या बाजूने बदलल्या. हे चांगले की वाईट ते त्यांचे त्यांनी पाहावे. मला एवढेच दिसले की ज्या राज्यात नकाशा मतदानाला टाकला तिथे पक्षांना दारोदार जाऊन तो समजावून सांगावा लागला. आपल्या जिल्ह्यात एखाद्या बाईला तिचे गाव कोणत्या सर्कलात आहे ते मतदानाच्या दिवशी स्लिपेवर कळते.

नकाशा बदलला की संघटनेचे काय होते हे आपल्या जिल्ह्याने आधीही पाहिले आहे, आणि जखम अजून ओली आहे. 2008 च्या फेररचनेत वाशीम लोकसभा मतदारसंघच गेला. मेडशी आणि मंगरूळपीर हे विधानसभा मतदारसंघ गेले. आता वाशीम आणि कारंजा विधानसभा यवतमाळ-वाशीम लोकसभेत, रिसोड अकोल्यात. रिसोड-मालेगावच्या कार्यकर्त्याला खासदारकीसाठी अकोल्याकडे पाहावे लागते, जिल्हा कार्यालयासाठी वाशीमकडे, आणि दोन्हीकडून त्याला सांगितले जाते की तुमचे तिकडे आहे. मेडशीचे जुने कार्यकर्ते अजून ‘आमचा मतदारसंघ’ म्हणतात. सतरा-अठरा वर्षे झाली. तेव्हा ज्या पक्षाकडे गाववार याद्या होत्या तो दुसऱ्या दिवशी नव्या नकाशावर उभा राहिला. ज्याच्याकडे फक्त आमदार होता, त्याचा आमदार गेला तसा पक्षही गेला. नावे मी लिहीत नाही, तुम्ही सगळे तेव्हा तालुक्याच्या पदांवर होता, तुम्हाला आठवत असेल.

हे आत्ताच का काढतो? कारण पुढचा नकाशा वाटेवर आहे. जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे, जातींची नोंदही होणार आहे. 2026 नंतरची पहिली जनगणना झाली की लोकसभा-विधानसभेच्या जागांवरची जुनी बंदी उठते, आणि महिलांचे विधानसभा-लोकसभेतले आरक्षणही त्या फेररचनेला बांधलेले आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत सर्कल, विधानसभा, लोकसभा, तिन्ही रेघा हलणार. मागच्या परिसीमन आयोगाने राज्यांत जाहीर बैठका घेऊन लोकांचे म्हणणे ऐकले होते. खासदार-आमदार त्यात सहयोगी सदस्य होते, पण मताचा अधिकार नसलेले. तशी बैठक पुन्हा लागली आणि वाशीमची लोकसभा परत मिळावी असे कोणाला म्हणायचे असेल, तर तेव्हा कागद लागेल. कोणते गाव कोणत्या बाजाराला जाते, एसटी कुठून मिळते, कोणत्या नाल्याला पावसाळ्यात पूर येऊन रस्ता तुटतो, पाणी कोणत्या प्रकल्पाचे. हा कागद गावातला माणूसच लिहू शकतो.

म्हणून मागणे मोजकेच आहे. सर्कलाच्या नावाने नेमणुका करणे बंद करा, ग्रामपंचायतीच्या नावाने करा. सर्कल बदलते, गण बदलतो, ग्रामपंचायत शक्यतो तुटू नये असा नियमच आहे. एका ग्रामपंचायतीत पाच माणसे, त्यांत दोन बाया. त्या सदस्याच्या बायका नकोत. स्वतः बचत गट चालवणाऱ्या, आशा कार्यकर्तीला नावाने हाक मारणाऱ्या हव्यात. यांतल्या कोणालाही तिकीट मागायला बंदी नाही, पण तिकीट मागितले की त्या दिवसापासून त्यांनी पाचातून बाहेर व्हायचे. हे मी आमच्या एका तालुकाध्यक्षांना म्हटले तर ते हसले. म्हणाले, मग पाचही जण त्याच दिवशी बाहेर होतील. होऊ द्या. सहावा सापडेल. आजवर शोधलाच नाही.

कोर्टाचा प्रत्येक आदेश आला की दोन दिवसांत मराठीत एक पान काढा. कोण जिंकले ते नको. आपल्या जिल्ह्यात आता काय होईल, काय होणार नाही, कोणाच्या जागा, किती, एवढेच. सगळ्या पक्षांनी मिळून एकच पान काढले तरी चालेल, पण तेवढी आशा मी करत नाही.

आणि प्रशासकाच्या काळात ज्या प्रश्नांसाठी सदस्य लागतो ते प्रश्न गावातून गोळा करा. शाळाखोल्या, पाणीपुरवठ्याची अर्धवट योजना, जनावरांच्या दवाखान्यात नसलेला डॉक्टर. ग्रामसभा अजून आपली आहे, ती कोणत्याही खटल्यात नाही. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला आमच्या गावात कोरम भरायला दुपार झाली. तुमच्या पाच पक्षांचे मिळून त्या गावात सदतीस पदाधिकारी आहेत, मी मोजले. ग्रामसभेत आले होते सहा. त्यातले दोन झेंडावंदनाला आले होते आणि चहासाठी थांबले होते.

निवडणूक कधी लागेल हे मला विचारू नका, तुम्हालाही विचारत नाही. उद्या तारीख आली तर इच्छुक पुन्हा उगवतील, गाड्या पुन्हा फिरतील, माझ्या गोठ्यातले दोन फ्लेक्सही परत मागायला येतील. त्याआधी एक काम करता येण्यासारखे आहे. पुढच्या महिन्यात तुमच्यापैकी कोणी एक जण, किंवा दोघे, नाहीतर सगळे, आमच्या तालुक्यात या. गाडीत पोस्टर आणू नका. जुलैचे ते प्रारूप आणा, आणि त्यानंतर निघालेली अंतिम यादी आणा. पारावर बसून गाव-गाव वाचू. कोणते गाव कुठून कुठे गेले, कोणाला माहीत आहे, कोणाला नाही, ते तिथेच कळेल. तुरीचे खळे उरकत आले आहे, हरभऱ्याला अजून अवकाश आहे, मी रिकामाच आहे. चहा माझ्याकडे. साखर कमी लागत असेल तर आधी कळवा.

आपला,
एक सतरंजीवाला
मंगरूळपीर तालुका

ता. क. झेरॉक्सवाल्या पोराला बोलवा. त्याला कोणत्याच पक्षात पद नाही, आणि आमच्या तालुक्यातली सर्कले त्याच्याइतकी कोणाला पाठ नाहीत.